अजब बंगल्याची सहल: एका दिवसात नागपुरात काय दाखवाल, काय सोडाल

प्रश्न आला आहे समुद्रपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत नव्यानं रुजू झालेल्या सरांचा. पाचवी ते सातवीची 48 मुलं, एक एसटी, एक दिवस. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं संग्रहालय आणि त्याच्या आजूबाजूला काय दाखवावं? सोबत त्यांनी यादीही दिली आहे: अजब बंगला, महाराजबाग, झिरो माइल, विधान भवन, सीताबर्डीचा किल्ला, रमण विज्ञान केंद्र, दीक्षाभूमी, रेल्वे संग्रहालय, फुटाळा, अंबाझरी. शेवटी विचारलंय, "एवढं सगळं बसेल ना?"

बसेल, सर. मुलांना बसमधून खाली उतरवायचं नाही एवढं ठरवलं तर आरामात बसेल.

मी याच तालुक्यात 29 वर्षं शिकवलं आणि त्यात नागपूरची सहल वीस-बावीस वेळा तरी नेली. पहिल्या वर्षी माझीही यादी अशीच होती. नऊ ठिकाणं केली. दुसऱ्या दिवशी वर्गात 'माझी सहल' हा निबंध लिहायला दिला. निम्म्याहून जास्त पोरांनी बुटीबोरीजवळ बस पंक्चर झाली त्याचं वर्णन केलं, उरलेल्यांनी आइसकांडीचं. संग्रहालयावर एकच वाक्य आलं, तेही एकाच्याच वहीत: "आतमध्ये फरशी खूप थंड होती." तेव्हापासून दरवर्षी मी यादीतलं एकेक नाव खोडत आले. आता तीन उरलीत आणि तिसऱ्याबद्दलही मला अधूनमधून शंका येते.

आधी तारीख. अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद असतो. हे मी सोमवारीच शिकले. 40 पोरं घेऊन गेटसमोर उभी होते आणि त्यातला एक म्हणाला, "मॅडम, कुलूप बी जुनंच हाय जी, हेच पाहून घेऊ." दुसरं, डिसेंबर टाळा. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होतं. ते चालू असलं की विधान भवनाच्या आसपासचा सगळा भाग बंदोबस्तात, रोजचे मोर्चे वेगळे, रस्ते कुठे अडवतील सांगता येत नाही. दीक्षाभूमी घेणार असाल तर दसरा आणि 14 ऑक्टोबरच्या आगेमागे नको. लाखो माणसं असतात आणि त्यांची श्रद्धा म्हणजे आपल्या पोरांची प्रेक्षणीय वस्तू नाही. मला विचाराल तर संक्रांत झाल्यावरचा जानेवारी. ऊन सोसवतं, आणि संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात अजून शिल्लक असतात.

प्रासंगिक करारावर लालपरी घ्या, शाळेच्या सहलीला सवलत मिळते. मुख्याध्यापकांचं पत्र संग्रहालयासाठी वेगळं आणि पालकांची संमतिपत्रं वेगळी ठेवा. संग्रहालयाला आठ दिवस आधी कळवलं तर दालनातला एखादा माणूस सोबत येतो आणि बराच फरक पडतो.

आता वाटेतलं. जाम चौरस्ता सोडून बुटीबोरी जवळ आली की मी बसमध्ये उभी राहते आणि टाकळघाटची गोष्ट सांगते. संग्रहालय खरं तर इथूनच सुरू होतं असं मला वाटतं. स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश मिशनरी नागपुरात होते. शाळा चालवायचे, दगडांचा आणि जीवाश्मांचा नाद होता, गोंड लोकांची गाणी आणि चालीरीती लिहून ठेवायचे. 1863 साली मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत ते टाकळघाटला गेले, तिथली शिळावर्तुळं उकरली जात होती ती पाहायला. परतताना वाटेतली एक शाळा बघायला ते मागे थांबले. रात्र झाली, पावसाचे दिवस, नाल्याला पूर. तारीख 4 सप्टेंबर. घोडा रिकामा परत आला. हिस्लॉप यांची कागदपत्रं नंतर टेम्पल यांनी 1866 साली छापून घेतली. आणि नागपूरचं संग्रहालय सुरू झालं तेही याच 1863 साली.

शाळा बघायला थांबलेला माणूस नाल्यात गेला, हे ऐकून पोरं एकदम गप्प होतात. आपल्या पोरांना नाल्याचा पूर समजावून सांगावा लागत नाही.

मग शिळावर्तुळ म्हणजे काय ते सांगा. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये माती-गोट्यांचा ढीग, त्याखाली मृताच्या सोबत ठेवलेल्या वस्तू. विदर्भात अशी वर्तुळं ढिगानं आहेत: काटोल रोडवर जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा. नागपूर विद्यापीठानं यातल्या बऱ्याच ठिकाणी उत्खनन केलं. लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याचे दागिने, मणी, घोड्यांचे अवशेष मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे सगळं. एका वर्षी सहावीतली एक मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आमच्या वावरात असेच गोल दगड आहेत, बाबा वखर तिथून वळवते." मी पुढच्या रविवारी जाऊन आले. खरंच होते, सात-आठ दगड, मध्ये बोरीचं झुडूप. ते शिळावर्तुळच आहे की नाही हे सांगणं माझं काम नाही, पण तिच्या बाबाला मी एवढंच म्हटलं, दगड हलवू नका.

बस थेट सिव्हिल लाइन्सला नेऊ नका. खापरीला मेट्रो स्टेशनवर मुलांना उतरवा आणि बस रिकामी पुढे पाठवा. खापरीहून झिरो माइलपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. आपल्यातल्या बऱ्याच मुलांनी साधी रेल्वेही पाहिलेली नसते. मेट्रोतून अर्धं नागपूर वरून दिसतं आणि सीताबर्डीचा किल्लाही जाता जाता होतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात, म्हणून तो यादीतून काढाच. 1817 च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज तिथे लढले, एवढं खिडकीतून बोट दाखवून सांगितलं की झालं. दारं पटकन लागतात. एक शिक्षक सगळ्यांत आधी चढेल, एक सगळ्यांत शेवटी. गिनती फलाटावर करायची, गाडीत नाही.

सकाळी कस्तुरचंद पार्ककडे तर्री पोहे मिळतात आणि सोबतचे शिक्षक तिकडे वळू पाहतील. त्यांना खाऊ द्या. पोरांना नको, परतीच्या बसमध्ये त्याचं काय होतं ते मी दोनदा पाहिलंय.

झिरो माइलला अर्धा तास पुरतो. पोरं आधी चार घोड्यांकडे धावतात, धावू द्या. मग स्तंभाजवळ आणा. इथं गाइडपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात, हा भारताचा मध्यबिंदू. तो स्तंभ सर्वेक्षणवाल्यांचा आहे, देशभर उंची आणि अंतर मोजताना आधाराला उभारलेला, 1907 सालचा. समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे फुटांत नोंदली आहे: 1020.171. आजच्या भारताचा मध्य शोधत गेलात तर तो मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदीला जातो. नागपूरकरांना हे आवडत नाही, पण मुलांना खरं सांगा. स्तंभावर गावांची अंतरं मैलांत आहेत. हैदराबाद 318 मैल. सातवीच्या पोरांना तिथेच किलोमीटर करायला लावा. एक मैल म्हणजे 1.6 किलोमीटर धरून 509 यायला हवेत. आमच्या एकाला दहा मिनिटं लागली, पण ते उत्तर तो अजून विसरलेला नाही. आता तो हैदराबादलाच ट्रक घेऊन जातो.

तिथेच गोवारी शहीद स्मारक आहे. आपल्या तालुक्यात गोवारी घरं बरीच, त्यामुळे वर्गात दोन-चार मुलं असतातच. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं फार. मी पहिल्यांदा तिथे मुलांना नेलं तेव्हा काय बोलायचं ते ठरवून गेले होते. पाचवीतला एक मुलगा माझ्याआधीच म्हणाला, "माझी आजी आली होती या मोर्च्यात. ती वापस आली." मग मी काही बोलले नाही. त्यानंच बाकीच्यांना सांगितलं, जेवढं त्याला घरी ऐकून ठाऊक होतं तेवढं. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर त्याच्या घरच्यांशी आधी बोलून ठेवा. आणि ते गप्प राहिलं तर राहू द्या.

तिथून विधान भवन बाहेरूनच पाहत, संविधान चौकाकडून चालत अजब बंगल्याला. मुलांच्या पायांनी पंधरा-वीस मिनिटं.

अजब बंगल्यासाठी दोन ते अडीच तास ठेवा. हो, अडीच. आणि सगळी दालनं करू नका. हत्यारांचं दालन मुद्दाम शेवटी ठेवा. तलवारी एकदा पाहिल्या की मुलगे बाकी काही पाहत नाहीत. तीन निवडा: भुसा भरलेले पशुपक्षी, दगडी मूर्ती, आदिवासी जीवन.

पक्ष्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे आपली पोरं हुशार ठरतात आणि मग दिवसभर त्यांची मान ताठ राहते. पाटीवर पुस्तकी नाव असतं. पाटी झाकून विचारा, याला तुमच्याकडे काय म्हणतात? नीळकंठ पाहून पोरगं म्हणतं, "हा तं टास हाय, दसऱ्याले दिसते." एकदा शहरातल्या एका शाळेची मुलं शेजारी उभी होती. त्यांच्या बाईंनी थांबून आमच्या पोरांना आणखी दोन-तीन नावं विचारली आणि वहीत उतरवून घेतली. शहरातल्या बाईंनी आपल्या पोराला विचारून काही लिहून घेतल्याचं मी नोकरीभरात तेवढं एकदाच पाहिलं.

मूर्तींच्या दालनात आवाज आपोआप कमी होतो. तिथे शतकं आणि राजवंश घोकून घेऊ नका, ते उद्या पुस्तकात मिळतील. एका झिजलेल्या मूर्तीसमोर चौथीतली एक मुलगी (बहिणीसोबत आली होती, नियमात बसत नव्हती) बराच वेळ उभी राहिली आणि मला विचारलं, "मॅडम, असाच देव आमच्या धुऱ्यावर हाय. त्याले आम्ही शेंदूर लावतो. इथं याची पूजा कोण करते?" मी तिला म्हटलं, इथं कोणी करत नाही. ती म्हणाली, "मंग हा इथं काहून आला?" त्यावर पुढच्या तासात वर्गाची जी चर्चा झाली तशी मी डीएडला असतानाही ऐकली नव्हती. कोणी म्हणालं पावसापासून वाचवायला, कोणी म्हणालं चोरी होते म्हणून, एकानं सांगितलं की त्याच्या गावचा नंदी खरंच चोरीला गेला. तिला उत्तर पटलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही, पण असे प्रश्न पडावेत म्हणून तर इथवर यायचं.

आदिवासी दालनात मात्र जपून. आपण तिथे 'हे लोक असे राहायचे' असं सहज बोलून जातो. 'हे लोक' आपल्यासोबत रांगेत उभे असतात, गणवेशात. एका वर्षी काचेतल्या मण्यांच्या माळा दाखवत मी असंच काही बोलत होते आणि माझ्या वर्गातला एक गोंड मुलगा मागे सरकला. काही म्हणाला नाही. बसमध्ये मी त्याच्याजवळ जाऊन बसले तर म्हणे, "माझ्या आजीकडं हाय तशी माळ. ती रोज घालते." भूतकाळ मी वापरला होता आणि आजी त्या क्षणी घरी भाकरी थापत असेल. आता मी त्या दालनात आधी विचारते, यातलं कोणाच्या घरी काय आहे? मग हात वर होतात, आणि नुसते गोंड मुलांचेच नाही. टोपली, ढोल, मासे धरायचं, यातलं काहीतरी सगळ्यांकडे निघतं.

वही-पेन बसमध्येच ठेवायला लावा. नाही तर पोरं पाट्या उतरवत बसतात आणि वस्तूकडे डोळा जात नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या. एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसायचं आणि अर्धा तास तिचं चित्र काढायचं. चित्र कसं येतं त्याला महत्त्व नाही. पहिली दहा मिनिटं चुळबूळ, मग ती शांत होतात. मूर्तीच्या कानात किती वळी आहेत, एक बोट कुठून तुटलंय, कुऱ्हाडीच्या पात्याला कडेला खाच आहे, असलं सगळं त्यांना दिसायला लागतं. दालनात बसायची परवानगी आधी घ्या. त्यासाठीच ते पत्र.

मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आत शिरल्या शिरल्या विचारून ठेवा आणि सोबत बाई नसेल तर गावातली एक आई घेऊन जा. माझ्या पहिल्या दोन सहलींत मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या आणि मला त्याचं कारण तिसऱ्या वर्षी कळलं.

जेवण महाराजबागेच्या सावलीत. शिदोरी घरचीच, भाकर-ठेचा असो की पोळी-भाजी. पिंजऱ्यातले प्राणी पाहायचे असतील तर वीस मिनिटं द्या, मी देत नाही.

दुपारी एकच काहीतरी. रमण विज्ञान केंद्र की दीक्षाभूमी, हा वाद आमच्या शाळेत दरवर्षी व्हायचा. विज्ञान केंद्र गांधीसागर तलावासमोर आहे, 1992 साली सुरू झालं, तारांगण 1997 चं. चांगलंच आहे. पण तिथे बटणं दाबायची असतात, आणि अडीच तास शांत बसलेली पोरं बटणं दिसली की दाबतच सुटतात, काय हललं ते कोणी पाहत नाही. ते आठवी-नववीसाठी दुसऱ्या वर्षी वेगळं न्या, तारांगणाच्या खेळाची वेळ पाहून. तेव्हा एवढं मात्र सांगा की चंद्रशेखर वेंकट रमण 1910 च्या सुमारास नागपुरात हिशेब खात्यात साहेब होते. दिवसा हिशेब, बाकी वेळ भौतिकशास्त्र. नोबेल त्यांना 1930 साली मिळालं.

पाचवी-सातवीला मी दीक्षाभूमी घेते. परतीच्या वाटेवर पडते, आणि मुलांना तिथली तारीख आधीच पाठ असते: 14 ऑक्टोबर 1956. स्तूपाचं लोकार्पण 2001 साली झालं. बाहेरून दगडाचा भरीव डोंगर वाटतो, आत शिरलं की पोकळ घुमट. मुलं वर पाहतात आणि आपोआप हळू बोलायला लागतात. बाहेर 22 प्रतिज्ञांचा स्तंभ आहे, तो मोठ्यानं वाचून घ्या, दोन-दोन ओळी एकेकानं. ज्यांच्या घरी या प्रतिज्ञा रोजच्या आहेत ती पोरं न पाहता म्हणतात. चपलांसाठी दर दहा मुलांमागे एक पोतं न्या आणि पोत्यावर नाव लिहा. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण 48 जोड चपला उन्हात एकत्र मिसळल्या की पाऊण तास जातो आणि दोन पोरं तरीही डाव्या पायाच्या दोन चपला घालून घरी येतात.

बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू पाहायच्या असतील तर त्या चिचोलीच्या शांतिवनात आहेत, शहराबाहेर. त्याच दिवसात ते कोंबू नका. कडबी चौकाकडचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुंदर आहे, पण उलट दिशेला. फुटाळा आणि अंबाझरीचं पाणी म्हणाल तर पाणी आपल्याकडेही आहे.

साडेचारला निघा. पाचनंतर वर्धा रोडवर गाड्यांची रांग लागते.

दुसऱ्या दिवशी निबंध देऊ नका. मी सांगते, घरातली अशी एक वस्तू आणा जी आजीपेक्षा जुनी आहे. नुसती दाखवायला, मागून परत करायची. पायली येते, अडकित्ता येतो, जुन्या तिफणीचं चाडं येतं, एकदा कोणी पाटा आणला आणि तो उचलायला दोघं लागले. एका रिकाम्या कपाटात मांडायचं आणि प्रत्येकानं आपल्या वस्तूची पाटी लिहायची. नाव, कशापासून केली, कोणाकडून आली, आता वापरतात का. हे कपाट आमच्या शाळेत अजून आहे, दाराची काच एका बाजूनं तडकलेली. मण्यांची माळ मात्र त्या मुलानं आणली नाही. त्यानं नुसती पाटीच लिहून ठेवली: "माळ. आजीची. ती घालते म्हणून इथं नाही."